आई जंगलात परत गेली तो उन्हाळा

आमच्या शेजारच्या खोलीतल्या मासीनं जन्मभर वाघाची पूजा केली होती आणि वाघ एकदाही पाहिला नव्हता. हे मला कळलं ते साड्यांना लेस लावता लावता. सुरतेला लागून असलेल्या कोसाडला तेव्हा आमच्या वसाहतीत बहुतेक बायका हेच काम करायच्या. माणूस स्कूटरवर गठ्ठा बांधून आणायचा, आम्ही दारात चटई टाकून बसायचो, आणि लेस लावून होईपर्यंत घरादाराच्या गोष्टी व्हायच्या.

मासीचं माहेर व्यारा ओलांडून डांगाच्या बाजूला, डोंगरात. तिच्या गावाच्या शिवेवर लाकडाचा एक खांब होता, त्यावर वाघ कोरलेला आणि शेंदूर लावलेला. दिवाळीच्या आधी वाघबारसेला सगळं गाव तिथं नैवेद्य घेऊन जायचं, गुरांना सांभाळ म्हणून देवाला सांगायचं. "पण वाघ कुठे उरलाय?" मासी म्हणायची. "माझ्या आज्यानं पाहिला होता. बापानं पावलं पाहिली. मी नुसता खांब पाहिला." ती सुरतेकडचं गुजराती बोलायची आणि मी अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. एवढ्या वर्षांत आमचं कशावाचून अडलं नाही.

तिनं मला विचारलं, "तुझं माहेर तर जंगलात आहे ना? तिकडे लोक गाडीत बसून वाघ बघायला जातात म्हणे."

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याच्या जंगलाला अगदी लागून. मी "हो, जातात" एवढंच म्हणाले आणि सुईत दोरा ओवत बसले.

आमच्या घरात वाघाचं नाव घेत नसत. मी दहाएक वर्षांची असताना माझी आत्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. मुलगा झाला होता, अजून पालथाही पडत नव्हता. चैत्रात मोहफुलं पडायला लागली तेव्हा आई आणि आत्या पहाटे टोपल्या घेऊन वेचायला गेल्या. मी घरी पाळण्याची दोरी धरून बसले होते. आत्या झाडाखाली वाकून वेचत होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात, खरंखोटं देव जाणे. त्यानं मागून तिच्यावर झडप घातली. आईनं टोपलीवर काठी बडवत, बोंबलत त्याच्यावर धाव घेतली आणि त्यानं आत्याला सोडलं. पण दवाखान्यात नेताना आत्या बैलगाडीतच गेली. तिच्या नवऱ्यानं पुढं दुसरं लग्न केलं. मूल आमच्याकडेच राहिलं. आईनं त्याला माझा धाकटा भाऊ म्हणून वाढवलं आणि तोही तिला माय म्हणत मोठा झाला. त्या दिवसानंतर आई पुन्हा कधी जंगलात गेली नाही. सरपणसुद्धा दुसऱ्यांकडून आणायची.

आणि हाच मुलगा मोठा होऊन जंगलात गाईड झाला. जीपमध्ये पुढं बसून शहरातल्या लोकांना वाघ दाखवायचा.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावाकडून आलेल्या एका माणसाबरोबर आईनं निरोप पाठवला, की ये आणि याला सुरतेला घेऊन जा, तिकडे कामाला लाव. माझा नवरा पलसाण्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये फिटर होता. त्यानं साहेबाच्या कानावर घातलं. साहेब म्हणाला, आणा. मी मुलांना नवऱ्याकडे आणि नणंदेकडे सोपवून निघायची तयारी केली, तर मासी आपली पिशवी भरून दारात उभी.

"मी पण येते. मारे वाघ जोवो छे, बघायचाय मला वाघ."

तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. मद्रासला जाणारी गाडी सुरतेहून निघून आमच्या चंद्रपूरला थांबायची, त्यामुळे गाडी बदलायची कटकट नव्हती. मासीनं खाखरे, लसणाची चटणी आणि आंब्याची करंडी घेतली होती. भुसावळ गेल्यावर मला राहवलं नाही. आत्याचं सगळं मी तिला सांगितलं. मासीनं हातातला खाखरा परत डब्यात ठेवला.

"आणि तू मला आता सांगतेस?" ती म्हणाली. "तुझ्या आईच्या घरात जाऊन मी वाघ दाखवा म्हणू?" डबा बंद करून तिनं पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मी नाव काढणार नाही. तूही काढू नको."

आईनं मासीचं स्वागत फार केलं. सुरतेची बाई आपल्या मुलीला सांभाळते, एवढं तिला माझ्याकडून माहीत होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मासीला सगळ्यात गंमत वाटली ती आई बाई असून "मी येतो, मी जातो" म्हणते याची. आमच्याकडे बायका असंच बोलतात. सुरतेत मी ते सोडलं होतं, घरी आल्यावर माझ्या तोंडी आपोआप आलं आणि मासी माझ्याकडेही बघून हसली.

दुपारी भाऊ आला. उन्हानं काळा ठिक्कर झालेला, अंगात खाकी सदरा. जेवण झाल्यावर विहिरीपाशी मी त्याच्याजवळ विषय काढला. मिलमध्ये काय काम असतं, राहायची सोय कशी होईल, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"ताई, तुले सांगू का," तो म्हणाला. "माही माय वाघानं नेली हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. मी जंगलात नाही गेलो तर लोक म्हणतील, भेला. गेलो तर घरची माय रडते. सुरतेले आलो तर दोन्ही सुटन, नाही म्हणत नाही मी. पण मले तिथं करमन का?"

"तुला जंगल आवडतं का?" मी विचारलं.

"आवडते," तो म्हणाला आणि लाजल्यासारखा बादली उचलून गेला.

मासीनं वाघाचं नाव खरंच काढलं नाही. पण आईनं मलाच विचारलं, "बाई एवढ्या दूर कायले आली? आपलं गाव पाहाले?" मी भांडी आवरायला लागले. आई खमकी. तिनं मासीसमोर जाऊन बसून हातवारे करत विचारलं. मासी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी सांगितलं. मासीच्या गावचा खांब, शेंदूर, वाघबारस, सगळं. मला वाटलं आई उठून जाईल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"यायच्यात देव आहे का तो?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग पाहू दे ना बिचारीले."

दुसऱ्या दिवशी भावानं जीप ठरवली. पहाटे आम्ही दोघी निघालो तर आई पायात चपला घालून, डोक्यावर पदर घेऊन जीपजवळ आधीच उभी.

"मी बी येतो," ती म्हणाली.

 भावानं तिला हात देऊन मागच्या सीटवर मध्ये बसवलं, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मासी. फाटकावर नोंद झाली, आडवा बांबू वर गेला आणि आम्ही आत शिरलो. आईनं माझा हात धरला होता.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेला बांबू, खाली पानांचा खच. मोहाची झाडं दिसली की ती मान दुसरीकडे वळवायची. चितळं दिसली, मोर दिसले, गव्यांचा एक कळप रस्ता ओलांडून गेला. मासी प्रत्येक जनावराला "अरे वाह" म्हणत होती. भाऊ पुढून हळू आवाजात नावं सांगत होता आणि मध्येच मागं वळून आईकडे बघत होता.

ऊन चढल्यावर भावानं ड्रायव्हरला एका पाणवठ्याकडे जीप वळवायला सांगितली. तिथं आधीच एक जीप उभी होती, त्यात कॅमेरेवाली मंडळी. पाणी आटून डबकं झालं होतं. त्या डबक्यात वाघीण मागचं अंग कमरेपर्यंत पाण्यात बुडवून बसली होती, पुढचे पंजे काठावर. इतकी जवळ होती की तिच्या कानामागचे पांढरे ठिपके दिसत होते. ती जांभई देत होती.

मासीनं हात जोडले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी वाघिणीकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते. आईनं माझा हात सोडला आणि ती जीपमध्ये उभी राहिली.

"ताई, मायले बसव," भाऊ हळूच म्हणाला.

"मी काही करत नाही तिले," आई म्हणाली. आवाज नेहमीचा, शेजारणीशी कुंपणावरून बोलतात तसा. "बोलू दे मले."

मग ती वाघिणीला म्हणाली, "तोंड पाहाले आली मी. त्या दिवशी तोंड नाही दिसलं. तुह्याच जातीच्यानं माही नणंद नेली. मोहं वेचत होती ते. तिनं कोनाचं काही केलं नव्हतं."

दुसऱ्या जीपमधून कोणीतरी चिडून म्हणालं, "ओ बाई, गप बसा, उठून जाईल ती!"

आईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं पुढं वाकून भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा पाह्य. हा तिचा पोरगा. मी पोसला. रोज येते तुह्या घरात, पोटासाठी येते. याले ओळखून ठेव. याच्या वाटेले जाऊ नको. तुह्या पिल्लायच्या वाटेले तो जानार नाही."

वाघिणीनं डोकं वळवून आमच्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिनं मान पंज्यांवर टेकली आणि डोळे मिटले. उठून गेली नाही. आई खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल आता. झालं."

लोकांना गप्प बसवणं हे माझ्या भावाचं रोजचं काम होतं. त्या दिवशी त्यानं एकदा सोडून परत तिला अडवलं नाही. तो समोर बघत बसला होता आणि आईचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला तरी त्यानं खांदा हलवला नाही. ड्रायव्हरनंच विचारलं, "निघायचं का?" तेव्हा त्यानं मान हलवली.

फाटकावर त्या दुसऱ्या जीपमधल्या गृहस्थानं तक्रार केली. आम्हाला थांबवण्यात आलं. तिथल्या वनपालानं आईला विचारलं, जंगलात मोठ्यानं का बोललात? भाऊ म्हणाला, "माही माय आहे, साहेब," आणि एवढ्यावरच थांबला. मग आईनंच सगळं सांगितलं. वनपालानं तिला बाकावर बसायला सांगितलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, पुढच्या वेळेस मनातल्या मनात बोला, आई. तक्रार करणारे गृहस्थ ऐकत उभे होते. ते गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली. मी कांदा चिरत होते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "याले नेऊ नको सुरतेले."

"अगं, तूच तर निरोप पाठवला होतास."

"पाठवला होता. आता सांगून आली ना मी तिले."

मला राग आला. मिलमध्ये शब्द टाकलेला, मी मुलं सोडून एवढ्या लांब आलेली. "वाघिणीला काय कळतं, माय?" मी म्हणाले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मले कळते ना," ती म्हणाली.

आई वाघिणीशी काय बोलली ते मासीला मी नंतर सांगितलं. तिनं ते अगदी सहज घेतलं. तिच्या गावी खांबापुढं उभं राहून लोक असंच तर बोलायचे. आम्हाला वाटलं तसं नवल तिला त्यात वाटलं नाही. संध्याकाळी ती आणि आई अंगणात आंबे खात बसल्या. आई पहिल्यांदाच आत्याविषयी बोलत होती, तिला काय आवडायचं, ती कशी हसायची, आणि मी मध्ये बसून जमेल तसं गुजरातीत सांगत होते. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्याच्या आईचं गाणं चांगलं होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. मलाही.

परत येताना गाडीत आम्ही दोघीच होतो. घरी नवऱ्यानं विचारलं, "मेव्हणा कुठं आहे?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता साहेबाला काय सांगू? मेव्हण्याचं वाघिणीशी ठरलंय म्हणून?" दोन दिवस तो कुरकुरला. मग आमच्याच ओळीतल्या एका जळगावकडच्या पोराला त्यानं त्या जागेवर चिकटवलं. तो पोरगा पुढं बरीच वर्षं तिथं टिकला.

मासीला वसाहतीतल्या बायका विचारायच्या, केवढा होता, भीती वाटली का. मासी फार रंगवून सांगत नसे. "उकडत होतं म्हणून पाण्यात बसली होती," म्हणायची. पुढच्या वाघबारसेला ती माहेरी जाऊन आली आणि येताना माझ्यासाठी नागलीचे पापड घेऊन आली.

भाऊ गाईडच राहिला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. आईची भीती गेली असं मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळी जीपा परतायच्या वेळेला ती रस्त्यावर जाऊन उभी राहायचीच. एकदा मी तिथं असताना म्हणाले, "तू तर सांगून आली होतीस." तर ती म्हणाली, "सांगतलं आहे. पन जनावर होय ते, इसरते," आणि लांबून धूळ दिसली तशी घराकडे वळली, चुलीवर भात होता म्हणून.