चार बोटं जास्त

ताईला शेवटचं भेटलो तेव्हा ती फतेगंजच्या घरी पलंगावर उशीला टेकून एका निळ्या फ्रॉकची दुमड शिवत होती. सुई दोनदा हातातून निसटली. दुसऱ्यांदा उचलून दिली तशी म्हणाली, "बाळ्या, शाळा उघडल्या की मुली दुमड सोडून घ्यायला येतील. तू बसशील ना?" मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासायला, केसाएवढा फरक पकडतो, पण शर्टाचं बटण अजून बायको लावते. म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे ताईला माझ्या चड्डीच्या वयापासून ठाऊक. ती नुसती हसली आणि पुढचा टाका घातला... आठवड्याने भाच्याचा फोन आला. कारखान्यातल्या मशीनच्या आवाजात त्याला तीनदा तेच बोलायला लावलं. खरं तर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

मुलींना गणवेश शिवून देण्याच्या तिच्या या कामाला मी थट्टेनं 'संस्था' म्हणायचो आणि स्वतःला अध्यक्ष. ती म्हणायची, "अध्यक्षमहाराज, पलंगाखाली बटण गेलंय, काढा." पण या संस्थेचा जन्म माझ्या शहाणपणातून झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताई छाणीकडच्या एका शाळेत शिकवायची. तिथल्या मजुरांच्या मुली गणवेश नाही म्हणून घरी बसत. मी म्हटलं, जुने गोळा करू, त्यात काय! सोसायटीत दारोदार फिरून पोतंभर गणवेश आणले आणि दोन दिवस छाती फुगवून हिंडलो. रेखा नावाच्या एका मुलीला त्यातला अगदी मापाचा मिळाला. आठवड्यात ती शाळेत यायची बंद झाली. ताईनं मला स्कूटरवर मागे बसवून तिच्या खोलीवर नेलं. दाराआडून पोर म्हणाली, "बेन, बधा मने श्रेया कहीने चीडवे छे." सगळे तिला श्रेया म्हणून चिडवत होते; त्या गणवेशाच्या खिशावर आधीच्या मुलीचं नाव रेशमानं भरलेलं होतं. मी पोतं भरताना ते वाचलंही होतं... छान भरलंय, असं मनात आलं होतं.

घरी पोचल्यावर ताई म्हणाली, "आपण तिला कपडा नाही रे दिला. तिचं नाव काढून घेतलं."

दुसऱ्या सकाळी तिनं आईचं शिलाई मशीन दारापुढच्या ओटल्यावर ओढलं. तेव्हापासून नियम एकच: कापड नवं, माप त्याच मुलीचं, आणि खाली चार बोटं जास्तीची दुमड, दर जूनला थोडी सोडायची, म्हणजे पोर वाढली तरी तिचा फ्रॉक तिचाच. पहिला रेखाचा. ती परत शाळेत आली त्या दिवशी ताईनं मला श्रीखंड खाऊ घातलं, वर म्हणाली, "हे माफीचं नाही, बटणं शोधल्याचं." एकदा मी तिला म्हटलं, "ताई, बोट हे काय माप आहे? मी पट्टी देतो." ती म्हणाली, "तुझ्या सुट्या भागांना वाढायचं नसतं, बाळ्या."

गेल्या आठवड्यात मी तिच्या ओटल्यावर बसलो. कुणी बोलावलं नव्हतं. पण मुली आल्याच. काहींना ती गेल्याचं ठाऊकही नव्हतं, ते मला सांगावं लागलं. पहिल्याच फ्रॉकचे टाके उसवताना मी कापडाला बारीक भोक पाडलं. समोर बसलेली मुलगी गंभीरपणे म्हणाली, "काका, बेन आम नहोतां करतां." म्हटलं, खरंय गं बाई, ताई असं नाही करायची. मग तिनंच कापड ताणून धरलं, तेव्हा कुठे जमलं.

दुमड उघडली. सगळा फ्रॉक उन्हानं, धुण्यानं विटलेला, आणि खाली चार बोटांचा पट्टा मात्र गडद निळा... ताईनं शिवला त्या दिवसासारखा. मी त्यावर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी जाड, तीनच मावली. मुलीची उंची पाहून अर्धा पट्टा सोडला, उरलेला पुन्हा आत दुमडून वेडेवाकडे टाके घातले. मुलगी फ्रॉक छातीशी धरून गेली.

ताईची दोन बोटं अजून आत आहेत. पुढच्या जूनला मी बसणार आहे.