मामांची रेती

मनोरीच्या मामांकडे पाहुण्याला आधी बसायला मिळत नसे. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरून, वळकट्या आणि स्टोव्ह सांभाळत आम्ही घामाघूम होऊन त्यांच्या कॉटेजशी पोचलो, की मामा दारात हात आडवा धरत आणि म्हणत, "पयलं बगा, मंग बसा." सामान पायरीवर टाकून आमची वरात त्यांच्यामागे निघे.

ते आमचे सख्खे मामा नव्हेत. गावातले जुने ख्रिस्ती शेतकरी, नाव अंतोन. समुद्राकाठच्या वाडीत त्यांच्या बापानं बांधलेलं दोन खोल्यांचं कौलारू घर ते सुट्टीला येणाऱ्यांना देत आणि स्वतः मागच्या पडवीत झोपत. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतली दोन-तीन बिऱ्हाडं मिळून दर मे महिन्यात तिथे जात. आईनं पहिल्याच वर्षी त्यांना भाऊ मानलं, म्हणून मामा.

चर्चची घंटा, गोड्या पाण्याची विहीर, मिठागरं, टेकडीवरून दिसणारी खाडी, सगळं ते दरवर्षी नव्यानं दाखवत. आम्हा पोरांचा जीव समुद्राकडे ओढ घेई आणि समुद्र ते मुद्दाम शेवटी ठेवत. "दर्या काय पलून नाय जात," म्हणत. जाणार कुठे? घर आणि पाणी यांच्यामध्ये सुरूचं बन होतं आणि त्यापुढे रेतीच रेती. दुपारी ती ओलांडताना तळपाय भाजत.

मामांचा समुद्रावर जसा विश्वास होता तसा देवावर असलेली माणसंही मी फार पाहिली नाहीत. गावात कुणी घर बांधलं की बैलगाडीनं रेती काढायची, पाऊस सरला की समुद्र ती परत आणून टाकायचा. हे त्यांच्या आजापासून चालत आलेलं. त्यामुळे खाडीपलीकडे चारकोपला वसाहत उठू लागली आणि एक कंत्राटदार रेतीच्या ट्रकसाठी वाडीतून वाट मागायला आला, तेव्हा मामांनी स्वतःच्या हातानं कुंपण काढून दिलं.

त्यांची मुलगी रोझी वांद्र्याला नोकरीला होती. ती त्या दिवशी घरी आली होती आणि आम्हीही होतो.

"पप्पा, ट्रक म्हंजे बैलगाडी नाय," ती म्हणाली.

"दर्या परत आनून टाकते. माज्या बापाच्या टायमापासून टाकते." मग आईकडे वळून म्हणाले, "बाय, तुजा नंबर लागला ना चारकोपला? लोकांना घरं पायजेत."

आईला भरून आलं. आमच्यासाठी इतका विचार करणारा माणूस आमच्या नात्यात दुसरा नव्हता.

त्या वर्षी पाऊस सरला. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर चिखल आणि काळे दगड उघडे पडले होते. "औंदा उशीर झाला त्याला," मामा म्हणाले. पुढच्या मे महिन्यातही ते तेच म्हणाले, पण आमच्याकडे न बघता. त्यानंतरच्या पावसात सुरूची पहिली रांग मुळासकट आडवी झाली. मामांनी कुंपण पुन्हा घातलं, तर ट्रक शेजारच्या वाडीतून जाऊ लागले. शेजाऱ्याला ते काय सांगणार होते? वाट त्यांनीच दाखवलेली.

चारकोपच्या घरात आमची वास्तुशांत झाली तोवर भरतीचं पाणी त्यांच्या पायरीला लागत होतं. तरी मामा आले. आईनं हौसेनं दारात हात आडवा धरला. "मामा, पयलं बगा, मंग बसा." मामा हसले. तिनं त्यांना मोरी दाखवली, ओटा दाखवला. आतल्या खोलीत एका भिंतीला ओल धरली होती, चुन्याला फुगे आले होते. आई ओशाळून म्हणाली, "ही एक मेली सुकतच नाही." मामांनी बोटानं फुगा फोडला, पापुद्रा काढला आणि नखानं कोरून एक शिंपला बाहेर काढला. लहान मुलीच्या नखाएवढा असेल. तो तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"हितं हाय होय," एवढंच म्हणाले.

मग त्याच भिंतीला पाठ टेकून खाली बसले. पंगत उठली तरी हलले नाहीत. आईनं पान तिथेच आणून दिलं, त्याला त्यांनी हातही लावला नाही.

त्याच पावसाळ्यात एका भरतीला मामांच्या घराची पुढची भिंत गेली, मागोमाग कौलं. रोझीनं त्यांना वांद्र्याला आपल्या घरी नेलं. तिच्या खिडकीतून समुद्राची चिंचोळी पट्टी दिसे. त्या खिडकीला त्यांनी पडदा लावायला लावला होता. आम्ही भेटायला गेलो तर त्यांनी काहीच दाखवलं नाही, आल्याआल्या म्हणाले, "बसा." कुणाला आणि कशाबद्दल बोल लावायचा हे मला कळत नव्हतं.

निघताना त्यांनी आईचा हात धरला. "बाय, भिंत सुकली?"

"सुकली हो मामा," आई म्हणाली.

नाताळाच्या आधीच ते गेले. त्यांच्या मातीला आम्ही सगळे होतो. घरी आल्यावर आई पाय धुऊन सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिनं भिंतीला हात लावून पाहिला. दर पावसाळ्यात ती असाच हात लावून बघते. भिंत अजून सुकलेली नाही.