तिसऱ्या गाथेचा स्टॉप

दशरथ ओव्हाळ यांच्या हातात मी कधी पुस्तिका पाहिली नाही. आमच्या येरवड्याच्या विहारात ते बौद्धाचार्य. बारसं असो, लग्न असो, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, दादा पांढरा सदरा घालून माइकसमोर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि वंदनेपासून शेवटच्या गाथेपर्यंत सगळं तोंडपाठ म्हणायचे. मी त्याच विहाराच्या कमिटीचा चिटणीस. बँकेतून निवृत्त झालो, खात्याच्या परीक्षा दिल्या, पण आजही मला पुस्तिका लागते आणि चष्माही लागतो. लोक म्हणायचे, दादांचं पाठांतर म्हणजे देणगी आहे. मला हा शब्द आवडत नाही. देणगी म्हटलं की बाकीच्यांना मेहनत न करायची सोय होते.

गेल्या वर्षी या देणगीला पहिला तडा गेला. आमच्याकडच्या लग्नांत शेवटी आठ मंगल गाथा म्हणतात. प्रत्येक गाथेची शेवटची ओळ एकच असते, आणि ती ओळ संपली की हॉलमधले सगळे वधूवरांवर फुलं टाकतात. बजरंग भालेरावच्या मुलाच्या लग्नात दादा दुसऱ्या गाथेवरून थेट चौथीवर गेले. ओळ तीच, त्यामुळे फुलं वेळेवर पडली, जेवणंही वेळेवर झाली. फार कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या लग्नात मात्र दुसरी गाथा संपली आणि दादा थांबलेच. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. लोक मुठीत पाकळ्या धरून उभे. शेवटी मी मागून ओळ पुरवली आणि गाडी पुढे गेली.

पुण्यात माणूस डॉक्टरकडे पोचायच्या आत शेजारी त्याचं निदान करून मोकळे होतात. दादांना विसर पडायला लागला, असं आठवड्याभरात सगळ्या वस्तीचं ठरलं. आमच्या कमिटीतल्या प्रेमलाताईंनी तर दादांसमोरच दादांच्या मुलाला, संजयला, विचारलं, "घरची वाट तरी आठवते ना रे त्यांना?"

"वाट सगळी आठवते," दादा म्हणाले. "तुमच्या दारावरून जाणारी तेवढी टाळतो."

विनोद केला, पण चेहरा उतरला होता. महिन्यावर त्यांच्या नातीचं, कल्याणीचं, लग्न आलं होतं. कमिटीच्या बैठकीत दादा स्वतःच उभे राहिले. "कल्याणीच्या लग्नात गाथा मीच म्हणणार. तिथं अडखळलो, तर त्यानंतर माइक कायमचा सीतारामकडे." सीताराम म्हणजे मी. कुणी 'असं काय बोलता दादा' म्हटलं नाही. उलट ठराव झाला, की लग्नात मी पुस्तिका उघडून त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि ते थांबले तर पुढे म्हणायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडेना.

माइक गेला असता तर दादांकडे काय उरलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. बायको शालन तीन वर्षांपूर्वी गेली. येरवड्याची खोली सोडून ते संजयकडे खराडीला राहायला गेले, अकराव्या मजल्यावर. खाली उतरलं की सगळे अनोळखी, आणि तेही कानात काहीतरी घालून फिरणारे. विहारात येऊन वंदना घेणं, एवढ्यावर त्यांचा आठवडा उभा होता.

संजय आणि कल्याणी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर ऋतिका म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी तीन शब्द सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं आणि मग ते तीन शब्द पुन्हा विचारले. दादांनी शब्द सांगितले आणि वर, तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे आहे, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे. मग एकच गाथा का जाते? बाईंनी विचारलं, "पाठ कशी केली होती?"

"कामावर जाता-येता," एवढंच दादा म्हणाले.

कल्याणीला ते पुरेसं वाटलं नाही. लहानपणी इतिहासातल्या सनावळ्या तिला पाठ होत नव्हत्या, तेव्हा याच आजोबांनी तिला त्या घरभर ठेवायला शिकवल्या होत्या: एक सन पाण्याच्या पिंपावर, एक खुंटीवर, एक आजीच्या शिलाई मशिनवर. पेपर लिहिताना मनातल्या मनात घरातून चालत जायचं आणि उचलत जायचं. परत येताना रिक्षात तिने विचारलं, "आबा, खरं सांगा. तुमच्या गाथा कुठे ठेवल्यात?"

तेव्हा दादांनी आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितलं. पुढे मलाही सांगितलं, विहाराच्या बाकावर, निम्मं लाजत.

दादा बसमध्ये कंडक्टर होते. येरवड्याहून मंडईला जाणारी गाडी. नोकरीला लागले त्याच सुमारास विहारातल्या एका वृद्ध गुरुजींनी त्यांना पुस्तिका दिली आणि पाठ कर म्हणाले. घरात एका खोलीत सगळं खटलं, तिथे डोक्यात काही शिरेना. बसमध्ये शिरलं. तिकिटं फाडून झाली की पुढचा स्टॉप येईपर्यंत एक गाथा पुटपुटायची, दोरी ओढायची, घंटा वाजली की ती गाथा तिथेच सोडायची. काही दिवसांनी असं झालं, की स्टॉप दिसला की गाथा आपोआप तोंडात यायची. गाडीतळाला पहिली. पर्णकुटीला दुसरी. पूल ओलांडला की चिंचेच्या झाडाखालचा स्टॉप, तिथे तिसरी. अशी शेवटची मंडईला.

त्या चिंचेखाली शालन चढायची. मंडईजवळ मसाल्याच्या कारखान्यात कामाला होती. एके दिवशी दादा दारातच उभे, डोळे मिटलेले, तिसरी गाथा चालू. गाडी थांबलेली, ही पायरीवर, एका हातात डबा. "अहो, दार सोडा!" ती ओरडली. दिवसभर लोकांना 'दारात उभे राहू नका' सांगणाऱ्या कंडक्टरलाच कुणीतरी दारातून हाकललं म्हणून सगळी गाडी हसली. दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा दारातच उभे होते. तिसऱ्या दिवशीही. गाडीला चढायला-उतरायला दोन दारं होती, पण चिंच आली की नेमकं तेच दार अडायचं. वर्षभरात लग्न झालं. त्यात गाथा अर्थातच दुसऱ्या कुणी म्हटल्या. दादांचं अजून म्हणणं आहे की तिसरी त्याने जरा घाईतच उरकली.

त्यानंतरची सगळी वर्षं, दादा माइकसमोर डोळे मिटायचे तेव्हा त्यांच्या मनात ती गाडी सुटायची. आम्हाला वाटायचं, माणूस ध्यानात गेला आहे. माणूस पुलावर असायचा.

आणि मग, माइकसमोर अडखळायच्या आधी काही महिने, दादांनी एक चूक केली. खराडीत बसून गाथा गंजतील, या भीतीने त्यांनी ज्येष्ठ नागरिकांचा पास काढला आणि त्या रस्त्याने पुन्हा बसने जायला लागले. उजळणी करायला. खिडकीशी बसायचं, स्टॉपवर नजर ठेवायची, गाथा म्हणायची. पर्णकुटीची टेकडी जागेवर होती. स्टेशन जागेवर होतं. पूल ओलांडल्यावर मात्र चिंच नव्हती. रस्ता रुंद झालेला, स्टॉप पुढे गेलेला, चिंचेच्या जागी मेट्रोचा खांब. गाडीत एक बाई यंत्रातून स्टॉपचं नाव सांगत होती, तेही दादांच्या ओळखीचं नव्हतं. पहिल्या खेपेला गाथा अडखळली. म्हणून ते दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच जायला लागले. जितकं जास्त घोटलं तितकी ती पुसट होत गेली.

कल्याणीने हे फोनवरून डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आठवण ही काही कपाटात घडी घालून ठेवलेली वस्तू नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती पुन्हा बांधतो, आणि बांधताना ती थोडा वेळ कच्ची असते. तेव्हा समोर जे असेल ते तिच्यात मिसळू शकतं. आजोबा जुना रस्ता आठवत होते, पण डोळ्यांसमोर नवा होता. रोज आठवलं, रोज मिसळलं.

"म्हणजे उजळणी करायला गेलो आणि पुसून आलो," दादा म्हणाले. गाथा पुस्तिकेत छापलेली आहे, ती कुठे जात नाही. त्यांना दुःख कशाचं होतं ते कल्याणीला कळलं आणि तिने तो विषय तिथेच थांबवला.

मग तयारी सुरू झाली. पास कल्याणीने काढून घेतला. रोज सकाळी पुस्तिका न बघता आधी आठवून बघायचं, अडलं तर थांबायचं, लगेच डोकवायचं नाही. मग बघायचं, मोठ्याने म्हणायचं, एक दिवस सोडून पुन्हा. दुपारी नीट झोप. तिसरी गाथा नव्या जागी हलवायचाही प्रयत्न झाला. फ्लॅटमध्ये जागा कुठल्या, तर चपलांचं कपाट, सोफा, फ्रिज.

"फ्रिजवर गाथा ठेवायची?" दादा म्हणाले. "उद्या म्हणशील, ओव्हनमध्ये ठेवा, गरम राहील."

तरी त्यांनी केलं. घरी ती चुकत नव्हती, फ्रिजपाशी बरोबर यायची. पण विहारात माझ्यासमोर उभं राहून डोळे मिटले, की पन्नास वर्षांची सवय वर यायची. गाडीतळावरून बस सुटायची, पर्णकुटी यायची, पूल यायचा आणि खांबापाशी सगळं थांबायचं. आठपैकी इतर कुठलीही गाथा मधूनच विचारा, तयार. ही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीही नाही आली.

लग्न विश्रांतवाडीच्या एका हॉलमध्ये होतं. दोन्ही प्रतिमांना हार घातले, मेणबत्त्या पेटल्या. कल्याणी पांढऱ्या साडीत, शेजारी नवरामुलगा चेतन, तोही पांढऱ्यात आणि घामात. दादांनी त्रिसरण, पंचशील दिलं, वंदना घेतली, दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो, पुस्तिका उघडी, बोट तिसऱ्या गाथेवर. समोर पहिल्या रांगेत प्रेमलाताई. त्यांचं लक्ष वधूवरांकडे नव्हतं, माझ्या बोटाकडे होतं.

पहिली गाथा झाली. फुलं पडली. दुसरी झाली. फुलं पडली.

मग शांतता. दादांच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मागे एक मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. संजय माझ्याकडे बघत होता, म्हणा म्हणा असं डोळ्यांनी सांगत होता. माझ्यासमोर ओळ छापलेली होती. ती म्हटली की लग्न पार पडणार होतं आणि माइक माझ्याकडे येणार होता. मी श्वास घेतला.

"अहो, दार सोडा!"

कल्याणी म्हणाली. मान खालीच होती, हारही हलला नाही, पण आवाज खणखणीत, आणि माइक जवळ असल्यामुळे सगळ्या हॉलने ऐकला. चेतनने दचकून आपल्या दोन्ही बाजूंना बघितलं, आपण कुणाच्या वाटेत उभे आहोत की काय. वराकडची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

दादांनी डोळे उघडले. कल्याणीकडे पाहिलं. ओठ थोडे हलले, ते हसले की काय मला सांगता येणार नाही. पुन्हा डोळे मिटले आणि तिसरी गाथा आली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत, न घाई करता. फुलं पडली. मला रडू आलं. पुस्तिकेतली अक्षरं दिसेनाशी झाली, मग मी ती मिटून खिशात घातली. मंडईपर्यंत दादा कुठेही थांबले नाहीत.

जेवताना प्रेमलाताईंनी मला विचारलं, ते दाराचं काय होतं. मी म्हटलं, घरगुती आहे.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक बारसं झालं. दादा आले, डोळे मिटले, सगळं म्हणून मोकळे झाले. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही बाकावर चहा घेत बसलो. माझ्या मनात तो प्रश्न होताच.

"दादा, तिसऱ्या गाथेला आता काय दिसतं? चिंच आली का परत?"

"नाही. खांबच आहे," ते म्हणाले. "खांबापाशी कल्याणी उभी असते. पांढरी साडी, हार घातलेला. ओरडते माझ्यावर."

मला वाईट वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं होतं, नवं आलं आणि जुन्याच्या जागी बसलं. विचारू नये असं वाटत असतानाच मी विचारलं, "आणि शालनवहिनी?"

दादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप बाकावर ठेवला.

"ती आधीच चढलीय. आत खिडकीशी बसलीय. तिला जागा मिळाली."