टोळाची चादर

"आगंडी, आगंडी," असं पुटपुटत मास्तर रुईच्या झुडपापुढं गुडघे टेकायचे. आगंडी म्हणजे तेलुगूत 'थांबा हो'. हे ते झुडपावरच्या टोळाला म्हणत. मला बोलवायचं झालं की मात्र, "ए, हिकडं ये. सावली पाडू नको!" किड्याला अहो-जाहो आणि मला अरे-तुरे. पण खरं सांगतो, राग कधी आला नाही.

सोलापुरात भवानी पेठेत आमचा चादरींचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा. मी नुसता गादीवर बसून गिऱ्हाईक करायचो. मास्तर नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओवून मागावर चढवायची, की तीच नक्षी चादरीत उतरते. ऐकायला सोपं वाटतं. त्या कागदावर तासभर डोळे लावून बसा, मग कळेल.

शेजारचा एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा मास्तरांनी तिथला जुना कॅमेरा घेतला. घरच्यांना वाटलं, आता लग्नामुंजीचे फोटो काढतील. मास्तरांनी काय करावं? कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि उलटी करून बसवली. मधे पावडरच्या डब्याचं कापलेलं कडं, वरून काळी चिकटपट्टी.

"अहो, चांगल्या वस्तूची वाट लावलीत!" मी म्हणालो.

"उलटी बसवली की बारीक ते मोठं दिसतंय. बघ तरी."

मी डोळा लावला आणि दचकून मागं सरलो. एवढीशी मुंगी, पण तिच्या पायावरचे केस मोजून घ्या!

त्या कामात भानगडी फार. किड्यापासून दोन बोटांवर जावं लागे. डोळा स्पष्ट आला की पाय पुसट होत, पाय धरावेत तर डोळा जाई. वारा आला की सगळंच गेलं. म्हणून मास्तर सकाळी लवकर, माग सुरू व्हायच्या आत, कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत जात. गारठ्यानं किडे आखडलेले असतात. "ऊन चढलं की त्यांची ड्यूटी सुरू, मग ते कुणाचं ऐकत न्हाईत," म्हणायचे. मी दाढीचा आरसा धरून उजेड पाडायचो. माझा हात हलला की त्यांची जीभ चटकन टाळूला लागे, एवढीच शिवी.

रंगीत रोल परवडत नसे. त्यावर त्यांनी तोड काढली होती. खिशात रंगीत सुताचे तुकडे ठेवत आणि फोटो झाला की किड्याच्या अंगाशेजारी एकेक धरून रंग जुळवत. "कॅमेऱ्याला रंग कळत न्हाई, सुताला कळतो."

मास्तरांच्या घरी फोटो स्वयंपाकघरात दोरीवर वाळत. वहिनी कावलेल्या असत. ताटं मांडली की म्हणत, "अहो, जेवताना तरी त्यांची तोंडं भिंतीकडं करा." मास्तर मुकाट्यानं उठून करत.

आता तुम्ही म्हणाल, छंद होता, असतो एखाद्याला. पण मास्तरांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. इतकी वर्षं ते मोर काढत होते, कमळं काढत होते, आणि सगळे दुसऱ्यांचे. मालक बाजारातून कुणाची तरी खपलेली चादर आणत आणि म्हणत, "हीच काढा, चार फुलं वाढवा." त्यात मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. एकदा आरसा धरून उभा असताना मला म्हणाले, "डोळं हायत तवर माझी एक तरी नक्षी मागावर चढू दे. एकच. मग काय मोर काढायला सांगतील ते काढतो."

ती नक्षी त्यांना रुईवरच्या टोळात सापडली. तुम्ही पाहिलाय का तो? पिवळ्याधमक अंगावर निळे पट्टे, उडाला की आतून लाल. मास्तरांनी त्याच्या पाठीचा, पंखाचा, तोंडाचा फोटो काढला आणि महिनाभर कागद रंगवला. मधे निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची गोल नक्षी, काठाला पंखावरचे ठिपके आणि लाल किनार. मालक कागद बघून खूश. "हे काय, दागिना हाय का?" मास्तर बोलणार, तेवढ्यात मी त्यांचा पाय दाबला.

चादर निघाली आणि अशी खपली म्हणून सांगू! आमच्या नरसय्या विणकराच्या मागावर दुसरं काही चढतच नव्हतं. सांगोल्याच्या एका व्यापाऱ्यानं लग्नसराईसाठी मोठी मागणी दिली आणि माल बघायला बायकोला घेऊन आला. बाईंनी चादर गालाला लावली. "कसलं फूल म्हणायचं हो हे?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर उठले. इतक्या वर्षांत त्यांना त्यांच्या नक्षीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खिशातून फोटो काढला आणि बाईंच्या हातात ठेवला. टोळाचं तोंड, पोस्टकार्डभर.

बाईंनी चादर फेकलीच. "अगं आई! टोळ? हितं दुष्काळानं जीव चाललाय, प्यायचं पाणी टँकरनं येतंय, आन् आमी लेकीच्या रुखवतात टोळ मांडायचा?"

बहात्तरच्या दुष्काळाची झळ होती ती, बाईंचं काय चुकलं? पण मालक धंद्यात मुरलेले. हसत पुढं आले. "बाई, मास्तर गंमत करायलेत तुमची. फूल हाय ते. काय मास्तर? फूलच की न्हाई?"

माग थांबले होते. आम्ही सगळे मास्तरांकडं बघत होतो. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. बाई हसल्या असत्या, मागणी राहिली असती, नक्षी मागावर राहिली असती. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी खाली पडलेली चादर उचलली, झटकली, घडी घातली.

"टोळच हाय," ते म्हणाले. "त्याच्याच अंगावरनं उचललीय. त्याचं नाव कसं पुसू?"

मागणी गेली. बातमी पेठेत पसरायला कितीसा वेळ? नवं गिऱ्हाईक गादीवर टेकताच विचारी, "ती टोळाची नव्हं ना?" मालकांनी कार्डं उतरवून माळ्यावर टाकली. मी मास्तरांवर जाम भडकलो होतो. "हरिश्चंद्र लागून गेलात!" असं तोंडावर म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि मोर काढायला घेतला. मोर फार सुंदर आला, खपलाही भरपूर. पण त्यांनी तो मागावर बघायला पाऊलसुद्धा टाकलं नाही.

पुढं चार-पाच वर्षांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, पण चौकटीचा कागद काही दिसेना. मास्तरांनी काम सोडायचं ठरवलं. दसरा नुकताच झाला होता. नरसय्या मला म्हणाला, "माळ्यावरची कार्डं काढू का? एकच विणू." मालकांना विचारायची छाती दोघांनाही नव्हती. उंदरांनी कुरतडलेली कार्डं त्यानं नवी पाडून घेतली आणि मास्तरांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी पहाटे माग लावला.

चादर निम्मी झाली आणि मालक दारात उभे! चूळ भरून नुकतेच आले होते. पुढं येऊन निम्म्या चादरीवर बोट फिरवलं.

"एकच," म्हणाले. "एकाच्या वर न्हाई."

मास्तर आले तेव्हा चादर चटईवर पसरली होती. ते वाकले, चष्म्याची काच चादरीला टेकेपर्यंत वाकले. नरसय्याचे डोळे भरले होते, माझे तर वाहतच होते. मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांवर सरकले आणि म्हणाले,

"पिवळा चुकला. फिका हाय."

नरसय्यानं कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "मास्तर, राहू द्या ना आता!"

"मग दुसरी विणा की," मागून मालकांचा आवाज आला. "चुकलेली चादर मास्तरांना द्यायची व्हय? रंगाला लावा सूत. पिवळा कसला पायजे ते मास्तर सांगतील."

मास्तर म्हणाले, "मला आठवत न्हाई आता. समोर धरून बघाय लागंल."

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की मला तीच सकाळ दिसते. सगळे माग बंद, आणि सगळा कारखाना मागच्या रुईच्या झुडपांत टोळ शोधतोय. मास्तर सुताचा तुकडा धरून पायरीवर बसलेले. टोळ मालकांना सापडला. त्यानं अंगातल्या रसाची पिचकारी सोडून त्यांचं पांढरं धोतर डागाळून टाकलं, तरी त्यांनी तो सोडला नाही. ओंजळीत धरून आणला आणि मास्तरांच्या डोळ्यांशी नेला.

"बघा मास्तर," मालक म्हणाले, "हाच ना तुमचा?"