पायांना लावलेला चिखल

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही म्हणाल, तात्या, चिखलाची गोष्ट तर आम्ही तुमच्या तोंडून दहादा ऐकली. ऐकली असेल. लग्नात, बारशात, पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघता बघता — मी ती कुठं सांगितली नाही? सर्कलसाहेब छत्री टेकत कसे चालायचे ते मी उठून करून दाखवतो, शेवटचं वाक्य टाकतो, आणि माणसं डोळे पुसत हसतात. ते सगळं खरंच घडलं. पण अर्धंच सांगतो मी. उरलेलं अर्धं बारा वर्षं गिळून बसलोय, आणि आता त्या हसणाऱ्यांचा राग येतो. त्यांचा कशाला? त्यांना काय ठाऊक?

मी तेव्हा खाडीकाठच्या एका गावाचा तलाठी होतो. वर गाव, खाली खार — समुद्राला बांध घालून, पाणी सोडायला बांधात झडपेची उघडी ठेवून काढलेली भाताची खाचरं. भात निसवलं की तलाठ्यानं प्रत्येक खाचरावर जायचं, कोण कसतंय ते डोळ्यांनी बघायचं आणि पाहणीच्या वहीत लिहायचं. मालक स्वतः कसत असेल तर रीत एक. कूळ कसत असेल तर रीत तीन, आणि पुढं कुळाचं नाव. एवढंच काम. एक आकडा आणि एक नाव. कूळकायदा आला होता, आणि त्या एका आकड्यावर जमीन कुणाची होणार ते ठरणार होतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मीच चावडीत लोकांना समजावून सांगत असे, तेही नकला करून.

पण मी पाहणी कुठं बसून केली? बापूशेटच्या ओटीवर. गावातली निम्मी जमीन त्यांची. तिथं झोपाळा होता, चहा होता, दडपे पोहे होते — आणि माझ्या गोष्टी ऐकायला माणसं होती. लाच घेतली नाही मी. घेतली असती तर निदान लोभी म्हणवून घेता आलं असतं. मला चार माणसं हसायला हवी होती, बस. मी एक किस्सा सांगायचा, बापूशेट एक खाचर सांगायचे, मी लिहायचो.

"ते उघडीजवळचं मोठं खाचर माझं घाला, तात्या. मीच करतो ते," बापूशेट म्हणाले.

ज्या माणसाला धोतराचा काठ ओला झालेला खपत नसे, तो भात लावत होता म्हणे. मी हसलो. आणि लिहिलं — रीत एक.

ते खाचर पारूबायचं होतं. गोष्टीत मी तिला 'एक खाष्ट म्हातारी' म्हणतो, कारण म्हातारी म्हटलं की हसू लवकर येतं. म्हातारी कुठली? पस्तिशीची असेल. नवरा खाडीत बुडून गेला, त्यानंतर बांधाला चिखल लावण्यापासून झोडणीपर्यंत सगळं ती एकटी करत होती. दर वर्षी जमीन कसण्याबद्दल बापूशेटच्या खळ्यावर खंडाचं भात घालत होती. पावती तिला कुणी दिली नव्हती. पुरावा म्हणून तिच्या हातात माझ्या वहीतलं नाव तेवढं आलं असतं. त्यासाठी ती चार-चार दिवसांनी चावडीच्या पायरीवर येऊन बसायची. बघतो, बघतो म्हणून मी तिला वाटेला लावायचो.

एके सकाळी कोतवाल धावत आला — सर्कलसाहेब रस्त्यावर उतरलेत, पाहणी तपासायला आलेत. माझे पाय कोरडे ठणठणीत. मग मी काय केलं ते तुम्ही ऐकलंच आहे. चावडीमागच्या तळ्यात गुडघ्यापर्यंत उतरलो, चिखलात पाय घोळवले, धोतरावर दोन शिंतोडे उडवले, आणि थकलेला चेहरा करून पुढच्या दारानं आलो. इथं लोक टाळ्या देतात.

साहेब म्हणाले, "चला, खारात चार खाचरं बघून येऊ."

"आत्ता तिथूनच येतोय, साहेब. हे पाय बघा. बांधावर पाय ठेवायला जागा नाही."

साहेबांनी पाय बघितले. ऊन चढलं होतं. ते खुर्चीत बसले. तेव्हा पायरीवरून पारूबाय बोलली.

"भाऊ, ह्यो चिखल आमच्या खारातला नाय. आमचा चिखल सुकला का मिठावानी पांढरा दिसतो. ह्यो तल्यातला हाय. साहेब, तुमी चला माझ्यासंगं, मी दावते."

अगदी बरोबर बोलली होती ती. माझे पाय सुकत होते आणि तपकिरी राहत होते. साहेबांचा हात छत्रीकडं गेला. आणि मी — माझ्या जिभेला कधी उशीर झालाय का? मी कपाळाला हात लावून म्हणालो, "ऐका साहेब. जमिनीचे उतारे देऊन बोटं झिजली, आता बाईला चिखलाचाही उतारा पाहिजे."

साहेब हसले. कोतवाल हसला. दारातली माणसं हसली. पारूबाय एकटी हसली नाही. साहेबांनी छत्री खाली ठेवली, वही ओढली आणि जागेवर तपासणी केली म्हणून सही ठोकली.

माझी गोष्ट इथं संपते. तुम्हाला पुढचं कधी सांगितलंच नाही.

खाचर आपल्या नावावर व्हावं म्हणून तिनं अर्ज केला, पुढं पनवेलच्या कचेरीत त्याची सुनावणी झाली. शेजारची कुळं साक्षीला आली नाहीत. त्यांची खाचरंही बापूशेटचीच. मामलेदारांनी माझी वही उघडली आणि शपथेवर मला विचारलं, पाहणी जागेवर जाऊन केलीत का? त्या दिवशी कोणी धावत आलं नव्हतं, घाई नव्हती. एक शब्द पुरला असता. नोकरी गेली असती — कदाचित. कदाचित नुसता ठपका आला असता. मी म्हणालो, "होय." तेव्हा पारूबाय माझ्या पायांकडं बघत होती. मी नव्या वहाणा घातल्या होत्या.

खाचर बापूशेटचं ठरलं. पुढच्या वर्षी बांधाला चिखल लावायला कोणी नव्हतं. बापूशेट लावणार होते का? श्रावणातल्या उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. पारूबाय मिठागरावर पाट्या उचलायला लागली. तिथंच तिच्या पायांना जखमा झाल्या, त्या भरल्या नाहीत. मीठ भरू देत नाही. वर्षभरापूर्वी ती गेल्याचं मला कोतवालाकडून कळलं.

गेल्या महिन्यात मी त्या खाचरात गेलो. पहिल्यांदाच. उघडी मोडून पडली होती, भाताची एक काडी नव्हती. मी घोट्यापर्यंत उतरलो, पलीकडच्या बांधापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. रस्त्याला लागेपर्यंत पाय सुकले. ती म्हणाली होती तसेच — मिठासारखे पांढरे. विहिरीवर ते धुतले.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, तात्या, ती चिखलाची होऊन जाऊ द्या. मी उठलो. छत्री घेतली. सर्कलसाहेब चालून दाखवले, म्हातारीचा आवाज काढला, शेवटचं वाक्य टाकलं.

मांडव हसत होता. मी थोडा थांबलो, आणि ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.