सामंतांच्याच कंपनीची

आमच्या सोसायटीत कुणालाही अडीअडचणीला गाडी लागली, की हाक जाते ती शेजारच्या सामंतांना. "त्यांची गाडी कधी दगा देत नाही हो," जोशीकाकू म्हणतात, आणि माझा नुसता जळफळाट होतो.

म्हणून नवी गाडी घेताना मी रंग पाहिला नाही, ॲव्हरेज विचारलं नाही. मेकॅनिकपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न, "बंद पडत नाही ना?" शेवटी सामंतांच्याच कंपनीची घेतली. तसला भरवसा आपल्याही वाट्याला यावा, एवढंच.

आज सकाळी काकू बॅग घेऊन खाली आल्या आणि माझ्या गाडीपाशी थांबल्या. गॅलरीतून पाहिलं आणि मी किल्ली उचललीच. काकूंनी माझ्या गाडीच्या काचेत बघून केस सारखे केले आणि सामंतांना हाक मारली. सामंत गालावरचा साबण तसाच ठेवून खाली धावले.