तुंबलेली नळी, फुटलेली नळी आणि सतरा मेंढ्या

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथी झाली आणि बापाने हातातली पाटी काढून काठी दिली. तेव्हापासून मी मेंढ्यांमागे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. पण या वहीच्या पहिल्या सहा पानांवर ज्या वाकड्यातिकड्या रेघा आहेत, त्या माझ्या नाहीत. त्या आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. त्यांना डॉक्टरांनी डाव्या हाताने गिरवायला सांगितलं होतं. सहा पानांत ते कंटाळले, वही कोरी राहिली, म्हणून मी बसले लिहायला. कोणी वाचणार नाही तेच बरं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

तीन वर्षं झाली. एका सकाळी मालकांच्या हातून तांब्या पडला. तोंड जरा वाकडं झालं, आणि चहा उकळेपर्यंत परत सरळही झालं. मी हसले. म्हटलं, "झोप न्हाई झाली वाटतं." तेही हसले. तो इशारा होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आठ दिवसांनी खरं आलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका दमात गेलं.

आमच्याकडे याला वारं म्हणतात, आणि वाऱ्यावर कबुतराचं रक्त चोळतात. एरवी देवळाच्या शिखरावर कबुतरांनी घाण करून ठेवलेली असते, पण त्या दिवशी एकही हाताला लागेना. सगळी भावकी दिवसभर कबुतरामागे. संध्याकाळी एक सापडलं, ते सुरी आणेपर्यंत उडून गेलं. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला डॉक्टर म्हणाले, "चार-साडेचार तासांत आणलं असतं तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. एवढा वेळ काय करत होता?" मी पदर तोंडावर घेतला. कबुतराचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्याचा पैसा आक्काने भरला. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. तिचं घर औंढ्याकडे. नवरा वारलेला, लेकरू नाही, मेंढ्या आहेत. ती आली, खिडकीवर पैसे भरले, गोळ्या आणल्या, गाडीभाडं दिलं. मी दाराआडून विचारलं, "आक्का, किती झाले? कुठून आणले?"

"तुला काय करायचं? माझं अन् माझ्या भावाचं हाये ते." मग ती खाटेवर वाकली आणि मालकांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली. हिशोब त्या दोघांत राहिला, आणि मी लाजरी, परत विचारलं नाही. चूक झाली ती तिथेच.

दीड वर्षाने आक्का आमच्याकडे पाहुणी आलेली असताना डोकं धरून खाली बसली, ओकली, आणि डावं अंग लुळं पडलं. यावेळी कोणी कबुतराचं नाव काढलं तर मी चुलीतलं लाकूड काढणार होते. जी पहिली जीप दिसली तिच्यात घातली. पुढे नांदेडला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरला मी भीत भीत विचारलं, "भावाला झालं तेच का?"

ते म्हणाले, "दोन्ही झटकेच, पण वेगळे. भावाच्या डोक्यातली रक्ताची नळी तुंबली होती, हिची फुटली आहे. नळी तुंबली की पुढचं शेत वाळतं. फुटली की पाणी साचून पीक दबतं. पहिला महिना हिचा जास्त धोक्याचा. पण त्यातून वाचली, तर पाणी ओसरल्यावर कधी कधी जास्त सुधारते. कुठली नळी, कोणतं शेत, यावर सगळं आहे." एवढं मला शाळेत कोणी समजावलं असतं तर मी पाचवीला गेले असते.

आक्का वाचली, आणि चार महिन्यांत चालू लागली. मालक मात्र अजून पाय ओढतात, त्यांची उजवी मूठ मिटलेलीच आहे. शब्द एकच उरला आहे: बारा. चहा हवा, बारा. ऊन लागलं, बारा. शिव्या तेवढ्या स्वच्छ येतात, आणि मेंढ्यांना हाकारायची हाळी तर पूर्वीसारखी. आक्काचं उलटं. बोलणं दुप्पट, पण आजाराआधीची दोन वर्षं डोक्यातून पुसून गेलेली. भावाला वारं गेलं होतं हेच तिला आठवत नव्हतं. घरी आणल्यावर त्याच्याकडे बघून म्हणाली, "याला काय झालं? नाटक करून राहिला का?"

आणि डावीकडचं तिला दिसत नाही. म्हणजे डोळा चांगला आहे, पण डावी बाजू तिच्या ध्यानातच येत नाही. ताटातली उजवीकडची अर्धी भाकरी खायची आणि म्हणायची, "एवढीच वाढली?" मी गुपचूप ताट फिरवायची, की बाकीची अर्धी तिच्यासमोर हजर. "आता कशी दिली!" गावातले म्हणायचे, दोघं मिळून एक अख्खं माणूस होतं. गोठ्याभोवती दोघांच्या चालण्याच्या शर्यती लागायच्या. ती जिंकली की ते बारा म्हणायचे, ते जिंकले की ती म्हणायची, "मला वळणच दिसलं न्हाई."

तिच्या मेंढ्याही आम्ही आमच्यातच आणल्या होत्या. रोज सकाळी ती औंढ्याकडे तोंड करून शेजाऱ्याला शिव्या घालायची. दवाखान्यात होती तेव्हा मेंढ्या त्याने राखल्या होत्या. "माझ्या दोन विसा अन् दोन होत्या. आता एक वीस अन् पाच! सतरा खाल्ल्या त्या मुडद्याने!" आमच्यात मेंढ्या वीस-वीसनेच मोजतात. तो बिचारा भेटला की शपथ घेऊन सांगायचा की, मावशी, एवढ्याच सोपवल्या होत्या.

पोळ्याच्या आधी एक दिवस तिने अर्धी भाकरी टोपल्यात परत ठेवली. मी ताट फिरवायला गेले तर हात धरला. "ऱ्हाऊ दे. भावाच्या जिवावर बसून खाऊन राहिले मी. पोळा झाला की माझ्या घरी जाते."

तिला कधीमधी फिट येते, त्याच्या गोळ्या रोज आठवणीने द्याव्या लागतात. एकटीला कोण देणार? मी म्हटलं, "आक्का, देणं आमच्यावर हाये. तुमी दवाखान्याचा सगळा पैसा भरला होता."

"मी? किती?"

मला आकडा कुठे माहीत होता!

"बघ. मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिली. मी येडी झाले तरी एवढी न्हाई."

मी मालकांपुढे बसले. "तुमाला ठावं हाये. किती दिले आक्काने?"

"बारा."

"बारा हजार?"

त्यांनी मान हलवली, नाही.

"वीस? पन्नास? लाख?"

"बारा, बारा, बारा!" आणि मग एक स्वच्छ शिवी. बोटं दाखवा म्हटलं तर तीन दाखवली, परत पाच, परत स्वतःवरच चिडून मूठ जमिनीवर आपटली. ज्याला आकडा ठाऊक त्याला तोंड नाही, आणि जिला तोंड तिला आकडा ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या. मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी मालक उभे राहतात, डाव्या हातात काठी. एकेक मेंढी आत जाताना काठी तिच्या पाठीला लागते, ही आमची मोजणी. त्या दिवशी काही मेंढ्या आत गेल्या आणि त्यांनी काठी आडवी घातली. बाकीच्या बाहेर दाटल्या, ओरडू लागल्या. आक्का बाजूच्या दगडावर बसून सवयीने मोजत होती. तिच्याच तोंडून निघालं, "सतरा. का थांबवल्या?"

मालकांनी काठी आक्काकडे केली. मग आतल्या मेंढ्या दाखवल्या. मग काठीसकट डावा हात आपल्या छातीवर थाडथाड मारला. "बारा! बारा!"

आक्काने आतल्या मेंढ्या परत मोजल्या. "माझ्या सतरा... तू खाल्ल्या?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली, हो. आजारापासून त्यांना हसू आलं की थांबत नाही. ते हसत सुटले, डोळ्यांतून पाणी, आणि बाहेरच्या मेंढ्या हवी तिकडे पळाल्या.

"म्हंजी मी इकल्या? तुझ्यासाठी?" आक्का म्हणाली. "अन् त्या बिचाऱ्याला रोज शिव्या घालून राहिले!"

तिने जेवताना स्वतःच ताट फिरवलं आणि सगळी भाकरी खाल्ली. वर मला म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाये." पोळ्याला ती गेली नाही. शेजाऱ्याला तेवढा एक नारळ पाठवला.

मेंढीचं देणं मेंढीने फेडायचं ही आमची रीत. सतरा द्यायच्या तर आमच्याकडे काही उरलं नसतं. म्हणून अकरा तरण्या मेंढ्या तिच्या कळपात घातल्या, आणि सहांचे पैसे थोडे थोडे देत गेलो. भाव आक्कानेच लावला, तोही चढा. गेल्या आठवडी बाजाराला जवळा बाजार या गावी दोन मेंढे विकले आणि शेवटचे पैसे घेऊन घरी आले.

तिच्यासमोर घोंगडीवर नोटा ठेवल्या, उजवीकडे, तिला दिसाव्या म्हणून. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात मालकांनी अर्धी चवड उचलून तिच्या डावीकडे सरकवली आणि आढ्याकडे बघत बसले.

आक्काने मोजल्या. "अर्ध्याच हायेत."

मी घोंगडी फिरवायला वाकले, तर तिने हात वर केला. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मान हळूहळू डावीकडे वळवली, अगदी खांद्यापर्यंत, आणि चवड दिसली. मग भावाकडे बघून तिने जी शिवी दिली ती मला लिहिता येत नाही, आणि येत असती तरी लिहिली नसती.

मी हळूच विचारलं, "फिटलं आक्का. आता जाल का घरी?"

"काहून? व्याज कोण देणार? ते मी बसून खाणार हाये." तिने दोन्ही चवडी एकत्र केल्या, परत पहिल्यापासून मोजल्या आणि कनवटीला लावल्या. "बराबर हाये. सगळे आले."

"बारा," मालक म्हणाले.